तिखळाआधीची पोर

मनुबाईला आकडे लिहिता येत नव्हते, पण आकड्यांचा धाक तिच्याइतका साऱ्या गावात कुणाला नव्हता. तिच्या खळ्यावर पहिल्या मापाला 'एक' म्हणायची कुणाची टाप नव्हती. पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. ताटात तीन भाकरी वाढायची वेळ आली की ती तिसरीची चतकोर मोडून टोपल्यात परत टाकायची, म्हणजे तीन काही पुऱ्या होत नाहीत. तिघं मिळून परगावी निघाले तर चौथा सोबती म्हणून एक खडा बरोबर द्यायची. नवरात्राच्या नऊ माळा, नदीकाठच्या साती आसरांचा निवद, बाळाची पाचवी, यातलं काही तिच्या हातून कधी चुकलं नाही. सासू बनाबाई हसायची. "आमच्या सुनंचं लगीन नाथाजीसंगं न्हवं, उजळणीसंगं लागलंय," असं पाणवठ्यावर सांगायची, आणि मनुबाईलाही हसू यायचं. हसून झालं की ती पुन्हा मोजायला लागायची.

नवरा पलटणीत होता. कडेगावाच्या त्या अंगाला घराआड एक गडी पलटणीत असायचाच, त्यात नवल नव्हतं. बेचाळीस साली सुट्टी संपवून नाथाजी निघाला तेव्हा गावातले आणखी दोघं बरोबर होते. एक अंबूबाईचा नवरा हंबीरराव आणि एक वरच्या आळीतला. म्हणजे झाले तिघं. मनुबाईनं ओढ्यातला गुळगुळीत गोटा आणून नवऱ्याच्या पेटीत घातला.

"सरकारी पेटीत धोंडा घावला तर सायब तोच माझ्या टकुऱ्यात घालंल," नाथाजी म्हणाला. पण गोटा काढून टाकला नाही. माणूस थट्टेखोर होता, पण बायकोचं मन मोडणारा नव्हता. पुढं तिघं ब्रह्मदेशाकडं गेले, एवढंच गावाला कळलं.

त्याच्या माघारी मनुबाई बाळंत झाली आणि तिला मुलगा झाला. आधीच्या तिन्ही मुली. थोरली विजयमाला, मधली पद्मा आणि नुकतीच बोबडं बोलायला लागलेली हौसा. आता वंशाला दिवा आला म्हणून बनाबाईनं साखर वाटायला घेतली. पण नाळ कापता कापता सुईण गप्प झाली होती, ते मनुबाईच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं खोदून विचारलं.

"काय न्हाई बाई. तिखळ हाय, एवढंच," सुईण म्हणाली.

तिखळ म्हणजे तीन मुलींच्या पाठीवर झालेला मुलगा, नाहीतर तीन मुलांच्या पाठीवर झालेली मुलगी. तसलं मूल आईबापांतल्या एकाला जड जातं आणि मुलगा असला तर बापाला, असं त्या मुलखात म्हणत. ज्यांचे नवरे ओट्यावर बसून तंबाखू मळत असत त्या बायकांना या म्हणण्याचं फारसं काही वाटत नसे. मनुबाईचा नवरा गोळ्या सुटत होत्या तिथं उभा होता.

बनाबाईनं रीतीप्रमाणं तिखळाची शांत करून घेतली. भटजी आले, होम झाला, पाच सवाष्णी जेवून गेल्या. पोराचं नाव लालासाहेब ठेवलं. मनुबाईच्या जिवाला थोडा थारा मिळाला. आणि मग सुगीच्या तोंडाला हंबीरराव पडल्याची खबर आली.

अंबूबाई अंगणात बसून ऊर बडवत होती. "नऊच्या नऊ माळा घातल्या हुत्या गं," म्हणत होती. "पाच बायका पोटभर जेवल्या हुत्या. माजं काय चुकलं?" बाकीच्या बायका तिचे हात धरत होत्या, तिला पाणी पाजत होत्या. मनुबाई तेवढी भिंतीला टेकून उभी राहिली. अंबूबाईचं दुःख तिला दिसतच नव्हतं, खोटं कशाला बोला. तिला एवढंच कळलं होतं की माळा घालून आणि बायका जेवू घालून भागत नाही. होम झाला तरी आपल्या घरातला आकडा होता तसाच आहे. तीन मुली आहेत तोवर लाला तिखळच आहे.

त्या दिवशी तिनं घरी येऊन भाकरी केल्या आणि ताट वाढताना तिसरीची चतकोर मोडायला हात घातला. हात तसाच राहिला.

भाकरीचं तेच पोरींचं, हे तिला कुणी सांगितलं नाही. भटजींनी नाही, देवऋष्यानं नाही, त्या सुइणीनंही नाही. हे तिचं तिनं शोधून काढलं, त्यामुळं पुढं दोष द्यायलाही तिला कुणी मिळालं नाही.

तिची नणंद गोदावरी मिरजेच्या पल्याड, कानडी मुलखाच्या तोंडाशी दिली होती. लग्नाला वर्षं लोटली, पण कूस उजवली नव्हती. नवस करून थकली होती बिचारी. ती भाच्याला बघायला म्हणून माहेरी आली, चार दिवस राहिली, आणि निघायच्या दिवशी मनुबाईनं हौसाला न्हाऊ घालून नवा परकर नेसवला, केसांना तेल लावलं, आणि सगळ्यांच्या देखत उचलून गोदावरीच्या ओटीत बसवलं. पुढ्यात नारळ आणि खण ठेवला.

"वन्सं, ही तुमची. आजपासनं माजी न्हवं."

पोरीला धरावं की खाली ठेवावं गोदावरीला कळेना. बनाबाई जागची उठली.

"मने, डोस्कं फिरलं काय तुजं? पोटच्या पोरीला मोजणीतनं काढतीस? आकडा काय माणसं खातोय व्हय?"

"हंबीररावाला कुणी खाल्लं मग, आत्याबाई?"

"बंदुकीनं."

"बंदुका सगळ्यांवरच सुटत्यात. त्योच का पडला?"

याचं उत्तर कुणाजवळच नसतं, म्हणून तर जगात भटजी आणि देवऋषी पोट भरतात. म्हातारीनं नातीकडं पाहिलं, आणि मग तोंड फिरवून ती परसात निघून गेली. शेवटी ती नाथाजीची आई होती.

हौसा रडली नाही. आत्याकडं पाडी आहे, तिला चारा घालायचा, असं तिला सांगितलं होतं. ती गाडीत चढून मोठ्या ऐटीत बसली आणि "आये, मी पाडी घिऊन यीन" म्हणाली. मनुबाईनं मान डोलावली. तिच्या मनात एक ठरलेलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा सुखरूप घरी आला की पोर परत आणायची. लढाईपुरतंच द्यायचं. देवापुढंसुद्धा हे ती मोठ्यानं बोलली नाही, कारण देवानं ऐकलं असतं तर देणं कच्चं ठरलं असतं.

पण मन घट्ट करायचं म्हणजे सगळ्या बाजूंनी करावं लागतं. दिवाळीला गोदावरीनं निरोप धाडला, पोरीला घेऊन येऊ का? मनुबाईनं उलट निरोप दिला, घरधनी आल्याबिगर नको. एकदा विजयमालेनं जेवायला बसताना सवयीनं हौसाची ताटली मांडली. मनुबाईनं तिच्या अशी मुस्कटात दिली की पोरीच्या गालावर बोटं उठली, आणि मग तीच चुलीपुढं बसून रडली. त्यानंतर त्या घरात हौसाचं नाव कुणी काढलं नाही.

नाथाजी शेहेचाळीस साली परत आला. केस पिकलेले, डोळे पिवळसर, अंगावर मूठभर मांस, पण हातीपायी धड. लढाई संपल्यालाही बरेच दिवस झाले होते, तरी तो अंगणात येऊन उभा राहीपर्यंत मनुबाईचा विश्वास बसला नव्हता. त्यानं लालाला कडेवर घेतलं. विजयमाला आणि पद्मा लाजून दाराआड उभ्या होत्या, त्यांना ओढून जवळ घेतलं. मग इकडंतिकडं पाहिलं.

"आन् माझी हौसी कुटं हाय?"

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. बनाबाईनंच काय ते सांगितलं, काहीही न लपवता, आणि सांगताना सुनेची बाजू घेतली नाही तशी तिला शिवीही दिली नाही. नाथाजी आधी हसला. थट्टाच वाटली त्याला. थट्टा नाही हे कळल्यावर मटकन ओट्यावर बसला.

"खुळे," तो बायकोला म्हणाला, "एका खंदकात आमी सात जण हुतो. सात म्हंजे चांगला आकडा न्हवं तुजा? साती आसरा, सप्तपदी. उजाडलं तवा मी येकटाच हुतो. त्यातल्या कुणाच्या घरी तिखळ हुतं आन् कुणाच्या न्हवतं, ते इच्चारून बाँब पडला न्हवता." मग थोड्या वेळानं म्हणाला, "मी उद्याच जातो आन् पोरीला आणतो. तू आडवी आलीस तर बघ."

आडवी कशाला येते? मनुबाईला त्या रात्री झोप लागली नाही ती आनंदानं. ती मनाशी जे बोलली होती ते जसंच्या तसं झालं होतं. नवरा आला होता, पोर येणार होती. कुणाला काही कळू न देता आपण डाव जिंकलो, असं तिला वाटलं. इतकी सुखी ती लग्नातही झाली नव्हती.

गोदावरीनं पोर दिली. तिनं हौसाचे कपडे गाठोड्यात बांधले, वेणीफणी केली, आणि गाडी जुंपल्यावर घरात जाऊन दार लावून घेतलं.

हौसा आता मोठी झाली होती. अंगणात बापाच्या धोतराला धरून उभी राहिली आणि मनुबाई पुढं झाली तेव्हा ती शहाण्या मुलीसारखी वाकून पाया पडली.

"मामी," ती म्हणाली, "अव्वानं तुमास्नी पापड दिल्यात."

गोदावरीला ती कानडी चालीवर अव्वा म्हणायची, म्हणजे आई. अव्वाचा भाऊ तो मामा, आणि मामाची बायको ती मामी. नात्याचा हिशेब अगदी बरोबर होता. मनुबाईनं पापड घेतले, आत गेली, आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिली.

पुढचे काही दिवस ती या हाकेशी झगडत होती. पोरीला जवळ घेऊन निजायची, केस विंचरायची, ताटात तूप वाढायची. हौसा सगळं करून घ्यायची, पण पाहुण्याच्या घरी राहावं तशी राहायची. "मामी, पाणी घिऊ?" म्हणून विचारल्याशिवाय तांब्याला हात लावायची नाही. रागवावं तरी कुणावर? तरी मनुबाई धीर धरून होती. आज ना उद्या पोर ओळखेल, म्हणायची.

मग नाथाजीला हिव भरलं. भर दुपारी घोंगड्यांवर घोंगडी टाकली तरी दात वाजायचे, मग अंग तव्यासारखं तापायचं. पहिल्यांदा उतरलं, पुन्हा चढलं. काढे झाले, अंगारे झाले. एके दिवशी त्यानं आपल्या आईला ओळखलं नाही आणि तो पलटणीतल्या कुणाला तरी हाका मारायला लागला. हा ताप तो ब्रह्मदेशातूनच अंगात घेऊन आला होता, तसले शेकडो गडी त्या साली गावोगाव कुडकुडत होते. पण मनुबाईनं त्या शेकड्यांची मोजणी केली नाही. तिनं घरातली केली. मुली पुन्हा तीन झाल्या होत्या.

बैलगाडीनं ताकारीला आणि तिथून रेल्वेनं मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मनुबाईनं हौसालाही बरोबर घेतलं.

"तिला कशाला?" बनाबाईनं विचारलं.

"वन्संचं गाव जवळ हाय. जेवणाखाणाचा निरोप द्यायला बरं पडंल."

बनाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं. गाडीत तिचा ल्योक शुद्धीवर नव्हता, आणि म्हातारी या खेपेलाही गप्प बसली.

रेल्वेच्या डब्यात नाथाजीला बाकावर निजवलं होतं. हौसा त्याच्या उशाशी बसून फडकं ओलं करून कपाळावर ठेवत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायची, आणि मध्येच त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलायची. तांब्या रिकामा झाला तसा तिनं मनुबाईच्या पदराला धरून ओढलं.

"आये, पाणी संपलं."

ज्या हाकेसाठी मनुबाईनं जीव टाकला होता ती ही अशी आली. तिच्यानं 'ओ' देववली नाही. ती तांब्या घेऊन पुढच्या स्टेशनवर उतरली, नळाखाली धरला, आणि तांब्या भरून वाहायला लागला तरी तिला कळलं नाही. गार्डानं शिट्टी दिली तेव्हा ती धावत आली.

दवाखान्यात डॉक्टरनं रक्त काढलं, कोयनेलचं इंजेक्शन दिलं. "हिवताप डोक्यात गेलाय, पण वेळेवर आणलंत. औषध लागू पडायला एखाद-दोन दिवस लागतील, घाबरू नका," असं त्यानं स्वच्छ सांगितलं. मनुबाईनं हात जोडले. पण कानात काही शिरलं नाही. दुसऱ्या दिवशी नाथाजी तसाच बडबडत होता, आणि दुपारी गोदावरी भाकरीचं गठुडं घेऊन आली.

मनुबाई तिला व्हरांड्यात घेऊन गेली. या खेपेला नारळ नव्हता, खणही नव्हता. तिनं हौसाचा हात धरून गोदावरीच्या हातात दिला.

"वन्सं, घिऊन जा हिला."

गोदावरीनं हात झटकून काढून घेतला. शांत बाई, पण आता ती तडकली. "वैनी, हे काय भांडं हाय व्हय, आज न्हेलं, उद्या परत धाडलं? तुमी न्हेली तवा दोन दिस माज्या घरात चूल पेटली न्हाई. तुमास्नी काय त्याचं?"

"तुमचा भाऊ जातोय, वन्सं. तुमच्या पाया पडते."

गोदावरीनं आत, खाटेकडं पाहिलं. मग म्हणाली, "न्हेते. पर आता मागाय येऊ नगा. तुमी न्हाई आन् दादाबी न्हाई. ही आता माजीच."

"व्हय," मनुबाई म्हणाली.

हौसा दोघींच्या मध्ये उभी होती. तिला कळत नव्हतं असं नाही. मोठ्या माणसांना वाटतं पोरांना कळत नाही. ती मनुबाईजवळ सरकली आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलली.

"मी पुन्ना मामी म्हणंन. मग ऱ्हाऊ?"

मनुबाईनं तिचा हात पदरावरून सोडवला. गोदावरीनं पोरीला उचललं आणि ती पायऱ्या उतरून गेली. हौसा या वेळेला मोठ्यानं रडली. फाटकाबाहेर जाईपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि मनुबाई खांबाला डोकं लावून ते शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. आपल्याला एवढी तरी शिक्षा हवी असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी नाथाजीला दरदरून घाम सुटला आणि ताप उतरला. डॉक्टर खूश झाला, म्हणाला, औषधानं काम केलं. मनुबाईनं त्यालाही हात जोडले.

घरी येईपर्यंत नाथाजीनं पोरीचं काही विचारलं नाही. मनुबाईनं उत्तर तयार ठेवलं होतं. माणूस अशक्त आहे, ध्यानात नसेल, म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं विचारावं, रागवावं, वाटलं तर चार शिव्या द्याव्यात, हात उगारावा. खंदकातल्या सात जणांचं पुन्हा सांगावं आणि म्हणावं, चल, आत्ताच्या आत्ता आणू. वन्संना काय शब्द दिलाय ते ती गुंडाळून ठेवणार होती. तिच्याच्यानं तिचा धाक मोडणार नव्हता, हे तिला माहीत होतं. तो मोडायला नवरा लागणार होता. त्यानं एकदा तोंडातून शब्द काढला असता तर ती अनवाणी मिरजेला पळत गेली असती.

थोडी ताकद आल्यावर तो पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसला. लाला त्याच्या मांडीवर, पोरी बाजूला. बनाबाईनं इतके दिवस दम धरला होता. ती उंबऱ्यावर येऊन बसली.

"नाथा, आता तुजं बरं हाय. हौसीला कवा आणतोस?"

मनुबाईचे हात पिठात थांबले. तिनं मान वर केली नाही, पण सगळं अंग कान होऊन ऐकत होतं.

नाथाजीनं घास चावला. लालाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"असू दे तिकडंच," तो म्हणाला. "गोदीलाबी लेकरू पायजेच की."

आणि मग आईच्या डोळ्याला डोळा न देता त्यानं ताटातली तिसरी भाकरी अर्धी मोडली आणि परत टोपल्यात ठेवली.

मनुबाईला त्या घटकेला नवऱ्याचा जितका संताप आला तितका जन्मात कुणाचा आला नव्हता. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की कोयनेलनं उतरला होता ताप, डॉक्टर म्हणाला होता, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण ते तिला सांगता येईना, कारण त्याला हे भय तिनंच दिलं होतं. बनाबाई उंबऱ्यावरून उठली आणि न जेवता बाहेर निघून गेली. नाथाजीनं भाकरीला कोरड्यास मागितलं, आणि मनुबाईनं ते वाढलं.